शनिवारची गाडी

घरातला कॉम्प्युटर केव्हाही बंद पडला असता तर मी एवढी चिडले नसते. पण तो बंद पडायचा फक्त शनिवारी दुपारी, आणि तेही माझे मोठे काका बोलत असताना. बाकीचे दिवस अगदी शहाण्यासारखा चालायचा. अशा वस्तूचा माणसापेक्षा जास्त राग येतो.

मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. जन्मभर रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये नोकरी केली, आता दूरच्या शहरात मुलाकडे असतात. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. दुकान केव्हाच बंद केलं, पण गिऱ्हाइकं घर शोधत येतात. त्यामुळे पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल आहे आणि भिंतीवर कायम परक्यांची लंबकाची घड्याळं टिकटिकत असतात. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर, त्याची पेटी टेबलाखाली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी कवळ्या बनवते. डॉक्टर माप पाठवतात आणि मी लॅबमध्ये बसून दात लावते. शनिवारीही आमची लॅब चालू असते, म्हणून शनिवारी दुपारी मी घरी नसते.

या दोन भावांना फोनवर बोलता येत नाही. मी ऐकलंय.

"बरा आहेस?"

"बरा. तू?"

"बराय. ठेवू?"

"ठेव."

झालं यांचं बोलणं. सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले, आणि फोन हातात आला की दोघांची दातखीळ बसते. पण कॉम्प्युटरवर आगगाडीचा खेळ लावून दिला की कंठ फुटतो. बाबा गाडी चालवतात आणि काका त्यांच्या घरी बसून त्याच खेळातली सिग्नल केबिन सांभाळतात. कानाला हेडफोन, तोंडापाशी माइक, नजर पडद्यावर. हाताला काम असलं की या दोघांना काहीही बोलता येतं. लहानपणी सायकल कोणी मोडली आणि मार कोणी खाल्ला, आजोबांचा लाडका कोण होता, आई गेली तेव्हा बाबा चारचौघांत का रडले नाहीत, हे सगळं दोन स्टेशनांच्या मधे बोलून होतं. एखाद्या सुट्टीत मी दाराआडून ऐकलेलं आहे. मधूनमधून काकांचं ठरलेलं वाक्य हेडफोनबाहेरही ऐकू येतं, "तुझं चुकलं." गाडी अर्धा डबा पुढे गेली, तुझं चुकलं. शिट्टी उशिरा वाजली, तुझं चुकलं. बाबांची चूक सापडायला भिंग लावावं लागतं, पण काका ते लावून बसलेलेच असतात.

मग काकांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. तपासण्या झाल्या तेव्हा घशात गाठ निघाली. जीव वाचेल, डॉक्टर म्हणाले, पण स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे यंत्र लावून बोलता येईल, पण तो आवाज हा नसेल. माझ्या चुलतभावानं फोनवर हे सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि हातातल्या घड्याळाची काच पुसत बसले. काच केव्हाची स्वच्छ झाली होती.

"त्याच्या आधी शनिवार किती मिळतील गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यातच आणखी एक भानगड झाली. चुलतभावानं काकांच्या कॉम्प्युटरवर त्या खेळाची नवी आवृत्ती घातली, आणि ती आमच्या जुन्या मशीनला झेपेना. खेळ एक नसेल तर दोघं एका रुळावर येणार कसे? मी तडक आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याला आम्ही घरात 'बघूया' म्हणतो, कारण काहीही विचारलं की तो आधी बघूया म्हणतो. त्याच्याकडून चांगलं दणकट ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं. चित्र असं लख्ख दिसायला लागलं की रुळांमधली खडी मोजावी. बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्यासाठी किती करतेस गं." मी दिवसभर हवेत होते.

शनिवारी लॅबमधून घरी आले तर बाबा काळ्या पडद्यासमोर बसलेले.

"अर्ध्या वाटेत बंद पडला. दादा बोलत होता आणि एकदम गुल."

"मग फोन करायचा ना."

"केला. म्हणाला, बराय, ठेवू?"

तेव्हापासून माझ्या नाकी नऊ आले. संध्याकाळी मी स्वतः तो खेळ लावला. गाडी बोगद्यातून नेली, पुलावरून नेली, पावसातून नेली. काही होईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मशीन गुणी बाळ. पुढच्या शनिवारी बाबा बसले आणि पुन्हा गुल. कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून नव्यानं घातलं. बघूयानं पेटी उघडून मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या. वीज पुरवणारा डबा बदलला. तापमान मोजणारा प्रोग्रॅम टाकून मी त्याच्यासमोर बसून राहिले. आकडे जागचे हलायला तयार नाहीत. आणि शनिवारी? गुल.

"ताई, तुमच्यासमोर नीट चालतं ना?" बघूयानं विचारलं.

"हो."

"माझ्यासमोर पण चालतं."

"मग?"

"बघूया."

माझा पारा चढला. बघायचं काय आता, डोंबल? भर दुकानात मी त्याला नको नको ते बोलले. तो बिचारा हातातला स्क्रू ड्रायव्हर फिरवत ऐकत राहिला.

बाबा खेळताना काहीतरी भलतंच बटण दाबत असतील, असंही मनात येऊन गेलं. वय झालंय, हात चुकत असेल. त्यात आणखी एका गोष्टीनं मला धास्तावलं होतं. शनिवारी संध्याकाळी भिंतीवरची सगळी घड्याळं मागे असायची. सगळी, एकजात. ज्या माणसाकडे अख्खी वस्ती घड्याळं लावायला येते, त्याच्या घरातली घड्याळं मागे? मी त्यांना विचारलं नाही. काही प्रश्नांची उत्तरं माणसाला नको असतात.

ऑपरेशन सोमवारी ठरलं. त्याच्या आधी आता एकच शनिवार होता.

त्या आठवड्यात लॅबमध्ये एका आजींची कवळी परत आली. लॅबच्या मालकीण असलेल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दवाखान्यात घालून बघितली, घट्ट, सुरेख. मी टेबलावर तपासली, एक दात इकडचा तिकडे नाही. आणि आजी म्हणतात, घरी टोचते. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं, डबा घेऊन या आणि माझ्यासमोर जेवा. तेव्हा कळलं, त्या एकाच बाजूनं चावतात. कवळी कधी टेबलावर तपासू नकोस बाई. जेवताना बघ."

माझ्या हातातलं काम तसंच राहिलं. मी गेले कित्येक दिवस मशीन टेबलावर तपासत होते. बाबांना जेवताना बघितलंच नव्हतं.

शनिवारची रजा टाकली आणि बाबांच्या मागे खुर्ची ओढून बसले. त्यांची चुळबुळ सुरू झाली.

"तू इथेच बसणार?"

"हो."

"कामं नाहीत का तुला?"

"नाहीत."

"बरं," ते म्हणाले, पण त्यांना ते बरं वाटलेलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळांकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हेडफोन चढवला.

खेळ सुरू झाला. गाडी स्टेशनातून सुटली. मशीन चांगलं चालत होतं, नव्या कार्डाचे पंखे भरभर फिरत होते. पण बाबा मात्र मला ओळखू येईनात. पाठीत वाकून, हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरलेला, आणि सारखं एकच चाललेलं.

"काय? काय म्हणालास? परत सांग दादा. नाही रे, नाही कळलं. जरा मोठ्यानं."

पलीकडून खोकल्याची उबळ हेडफोनच्या बाहेर मला ऐकू आली. मग काहीतरी खरखरीत, ओढून ताणून काढलेलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"जरा चहा टाकतेस?" मागे न वळता ते म्हणाले.

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं, आणि का कोण जाणे, मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घर फार गप्प झालं होतं. घड्याळं वाजत नव्हती. मी पाऊल न वाजवता दारापर्यंत आले.

भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांचे लंबक थांबवलेले होते. आणि बाबा टेबलाखाली गुडघे टेकून कॉम्प्युटरच्या जाळीवर जाड लोकरी फेल्टचे तुकडे बसवत होते. घड्याळाच्या पेटीत ठोक्यांचा आवाज मऊ करायला ते जे फेल्ट वापरतात ना, तेच. प्रत्येक तुकडा जाळीच्या मापानं कापलेला, कडा सफाईदार, कोपरे गोल. समोर एक, बाजूला एक, वरती दोन. मशीनला श्वास घ्यायला नखाएवढी जागा ठेवली नव्हती. घड्याळजीचं काम ते, त्यात फट कशी राहणार?

"बाबा!"

ते दचकले. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला.

"फार आवाज करतात गं पंखे," ते म्हणाले. "दादाचा आवाज आधीच एवढासा झालाय. या घरघरीत मला तो सापडतच नाही. हे लावलं की थोडा वेळ बरं ऐकू येतं. मग पंखे आणखी ओरडायला लागतात, म्हणून मी दुसरा थर लावतो."

"आणि मग बंद पडतं."

"हो, मग बंद पडतं. मग मी काढून ठेवतो. काम झालं की फेल्ट तसंच लावून ठेवायचं नसतं, दमट होतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. हवा कोंडणार, कार्ड तापणार, जीव वाचवायला पंखे जोरात फिरणार, त्यावर हे आणखी एक थर चढवणार. मशीन गुदमरून पडलं की हे शिस्तीत फेल्ट काढून खणात ठेवणार, आणि मी येईपर्यंत सगळं थंडगार! ड्रायव्हर बदला, मेमरी पुसा, विजेचा डबा बदला, बघूयाला शिव्या घाला. आणि घड्याळं मागे का, तर भावाचा आवाज ऐकायला माणसानं टिकटिकसुद्धा थांबवली होती. त्यांचा हात चुकत नव्हता, आणि डोकं तर मुळीच चुकत नव्हतं.

"मला आधी सांगितलं का नाही?" मी ओरडलेच.

बाबा जमिनीवरच बसून राहिले. "तू एवढ्या हौसेनं कार्ड आणलंस. त्याचा आवाज होतो, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

माझा राग जागच्या जागी विरघळला. माझे उपकार मानून हा माणूस दर शनिवारी मुकाट्यानं भावाला गमावत होता.

हेडफोन टेबलावर पडला होता. त्यातून बारीक, फाटका आवाज येत होता. मी तो कानाला लावला.

"काका, मी बोलतेय. थोडा वेळ थांबा. कुठे जाऊ नका."

"मी केबिन सोडून जात नसतो," काका म्हणाले. म्हणजे तसं म्हणाले असावेत. मलाही धड कळलं नाही.

पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे. आई तिच्यातून ताटं पुढे सरकवायची. मशीन स्वयंपाकघरात गेलं आणि पडदा, माइक, हेडफोन बाहेर राहिले तर? पण वायरी पुरल्या पाहिजेत. मी फोन उचलला आणि ज्या माणसाला भर दुकानात नको ते बोलले होते, त्यालाच लावला.

"लांब वायरी हव्यात. पडद्याची आणि बाकीच्या. आत्ताच्या आत्ता. माझं चुकलं त्या दिवशी, ते मी नंतर नीट सांगते."

या वेळी तो बघूया म्हणाला नाही. "आलो," म्हणाला, आणि खरंच आला, दुकानाचं शटर अर्धं ओढून, गळ्यात वायरींची भेंडोळी घालून. काय झालं ते ऐकल्यावर त्यानं एक फेल्टचा तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"काय सुरेख कापलंय," तो म्हणाला, आणि एक शब्द जास्त न बोलता ओट्याखाली शिरला. त्याचे आभार मी तेव्हा मानले, नंतर मानले, आणि अजून मानते.

वायरी जोडून झाल्या. बाबांनी खिडकीची दारं ओढून घेतली आणि वायरींभोवती जी फट राहिली, तिच्यात तेच फेल्ट बोटांनी दाबून बसवलं. पुढच्या खोलीत आवाजाचं नावनिशाण उरलं नाही. मी स्वयंपाकघरात घोंघावणाऱ्या मशीनशेजारी बसले. सगळी घरघर आता माझ्या वाट्याला आली होती, आणि मला ती प्यारी वाटत होती.

बराच वेळ गेला. मशीन चालतच राहिलं. मी दर थोड्या वेळानं जाळीपाशी हात धरून बघत होते, हवा बाहेर येते ना. मग खिडकीचं दार एवढंसं उघडलं आणि बाबांचा हात हेडफोनसकट आत आला.

"तुझ्याशी बोलायचंय त्याला."

मी एका कानावर तळवा दाबला, दुसऱ्यावर हेडफोन. काकांचा आवाज आला. बारीक, चिरका, पण काकांचा.

"बाळ, आज मला ओरडावं लागत नाहीये. हा शेजारी बसल्यासारखा ऐकतोय माझं. घशाला किती बरं वाटतंय, तुला काय सांगू. तुझे फार उपकार झाले गं."

"काका, उपकार कसले," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. बाबांनी हेडफोन परत ओढून घेतला, कारण वेळ त्यांचा होता.

त्या दिवशी ते संध्याकाळ होईपर्यंत बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. चहा घेताना बाबांनी एवढंच सांगितलं की दादानं पुढची व्यवस्था लावून ठेवली आहे. पूर्वी केबिनमधून शेजारच्या केबिनला घंटेचे ठोके देऊन निरोप कळवायचे, तसं तो माइकवर नखानं टकटक करणार. एक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही.

"आणि तीन?" मी विचारलं.

"तीन म्हणजे तुझं चुकलं." बाबा हसले. "म्हटलं, तेवढं गाळ की. तर म्हणे, तेच तर मुख्य आहे."

ऑपरेशन नीट झालं. गाठ सगळी निघाली. काकांना घरी आणल्यावरही बरेच दिवस गेले, आणि मग एका शनिवारी चुलतभावाचा निरोप आला, की काका केबिनमध्ये बसायचं म्हणताहेत. आता शनिवारी मी लॅबमधून दुपारीच निघते; डॉक्टरीणबाईंना कारण सांगितलं तेव्हा त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात मशीनपाशी बसले आणि खिडकीचं दार बोटभर उघडं ठेवलं. बाबांनी घड्याळांचे लंबक एकेक करून थांबवले. खोली इतकी शांत झाली की त्यांनी हेडफोन काढला आणि स्पीकर लावला.

"दादा," ते म्हणाले, "आहेस?"

काहीच आलं नाही. बाबांनी माइक जवळ ओढला, पुन्हा लांब केला.

टक.

बाबांनी मान हलवली आणि गाडी सोडली. ते बोलत होते, हवा कशी आहे, कोणाचं कुठलं घड्याळ आलंय, मी किती चिडकी झालेय. पलीकडून कधी एक टक, कधी दोन. पण हळूहळू बाबांचं बोलणं आटत चाललं. एकट्यानं किती बोलणार? पडद्यावर स्टेशन जवळ आलं. फलाट दिसायला लागला. बाबांचा हात ब्रेकवर होता.

आणि त्यांनी ब्रेक दाबलाच नाही. सबंध फलाट मागे गेला, स्टेशनातलं घड्याळ मागे गेलं, बाकांवर बसलेली माणसं मागे गेली. गाडी सगळ्या डब्यांसकट स्टेशनाबाहेर गेली, तेव्हा कुठे त्यांनी ती थांबवली. आयुष्यात अर्ध्या डब्यापलीकडे चूक न केलेल्या माणसानं अख्खं स्टेशन चुकवलं होतं. मी खिडकीतून त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. स्पीकरकडे कान देऊन, हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले होते.

टक टक टक. जोरात. मग पुन्हा टक टक टक, आणि पुन्हा, थांबेचनात.

"चुकलं दादा," बाबा म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "चुकलं, चुकलं."